अकरा मिनिटं: हिवाळ्यातल्या एका डिंगी रेसचं प्रकरण

38 व्या मिनिटाला वाऱ्याचा झोत आला आणि 49 व्या मिनिटाला मी रेस रद्द केल्याचा झेंडा चढवला. मधली अकरा मिनिटं म्हणजे हे प्रकरण. त्या दिवशी डिंग्यांच्या, म्हणजे शिडाच्या छोट्या बोटींच्या, रेसचा ऑफिसर मी होतो, निर्णय माझा होता, म्हणून लिहायचंही मलाच. सगळी माणसं त्या दिवशी आपल्या पायांनी घरी गेली हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना उगाच जीव टांगणीला लागणार नाही आणि लक्ष जिथं द्यायला हवं तिथं राहील. नावं कुणाचीच देत नाहीये, त्याची गरजही नाही, कारण हे कुठल्याही छोट्या क्लबात होऊ शकतं.

आधी परिस्थिती. बंदिस्त तलाव, भरती-ओहोटी नाही, लाटा फार मोठ्या होत नाहीत, आणि त्यामुळेच सगळ्यांना तो सुरक्षित वाटतो. हिवाळी सिरीजचा रविवार. हवा 4 अंश, पाणी 6 अंश. 19 डिंग्या, त्यातल्या 11 एकट्याने चालवायच्या आणि 8 दोघांच्या, म्हणजे पाण्यावर 27 माणसं. दोन सेफ्टी बोटी, प्रत्येकीत दोघं. सकाळचा अंदाज होता 10 ते 12 नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर), झोत 18 पर्यंत, आणि दुपारी दोन वाजता फ्रंट, म्हणजे बदलत्या हवेची आघाडी, येणार, वारा फिरणार आणि वाढणार. रेस साडेबाराला सुरू करून दीडला संपवायची म्हणजे फ्रंटच्या आधी अर्धा तास हातात राहतो, असा माझा हिशोब होता. कागदावर तो बरोबर दिसतो. पण फ्रंट काही घड्याळ लावून येत नाही, आणि अंदाजातले दोन वाजता हे मी दोनच्या आधी नाही असं वाचलं, ही पहिली चूक.

बाहेरच्या लोकांना प्रश्न पडतो की एवढ्या थंडीत हे लोक पाण्यात जातातच कशाला. हिवाळ्यात वारा भरवशाचा असतो, तलावात शेवाळ कमी असतं, उन्हाळ्यात सुट्ट्यांना पांगलेली मंडळी परत आलेली असतात, आणि खरं सांगायचं तर थंडीत बोट नीट चालवता आली की उन्हाळ्यात ती आपोआप चालते. अमेरिकेत लाँग आयलंडच्या मॅनहॅसेट बेमध्ये 1932 च्या जानेवारीत छोट्या डिंग्यांची हिवाळी रेस झाली आणि तिथून फ्रॉस्टबाईट सेलिंग हे नाव रुळलं. मी स्वतः कित्येक हिवाळे ही सिरीज केलीये आणि मला ती मनापासून आवडते. तेव्हा हिवाळ्यात रेस करूच नका असं म्हणायला मी इथे आलेलो नाही.

आता रेसचा प्रकार, कारण या प्रकरणात तो फार महत्त्वाचा आहे आणि नंतरच्या चर्चेत बराच वेळ कुणाच्या लक्षातच आला नव्हता. आम्ही पर्सूट रेस लावली होती. वेगवेगळ्या जातीच्या बोटी एकत्र धावतात तेव्हा प्रत्येक जातीला एक हँडिकॅप आकडा असतो, आकडा मोठा म्हणजे बोट हळू. नेहमीच्या रेसमध्ये सगळे एकदम सुटतात आणि नंतर लागलेल्या वेळेला 1000 ने गुणून त्या आकड्याने भागतात, जो वेळ येतो त्यावर नंबर. पर्सूटमध्ये हे गणित आधीच करून टाकतात, हळू बोट आधी सुटते, वेगवान नंतर, आणि ठरलेली वेळ संपली की जो पुढे असेल तो पहिला. समजा सगळ्यात हळू बोटीचा आकडा 1300 आणि सगळ्यात वेगवान बोटीचा 1000, तर 60 मिनिटांच्या रेसमध्ये वेगवान बोट जवळपास 14 मिनिटं उशिरा सुटते. 1100 वाली साधारण सव्वानऊ मिनिटं उशिरा. हिवाळ्यात पर्सूट लोकप्रिय आहे कारण सगळ्यांची रेस एकाच क्षणी संपते, थंडीत कुणाला ताटकळत बसावं लागत नाही, आणि शेवटी कोण पुढे हे डोळ्यांनी दिसतं.

पण तिची एक उलट बाजू आहे. हळू बोटी बहुतेक वेळा नवशिक्यांच्या, मुलांच्या किंवा वयस्कर मंडळींच्या असतात, आणि पर्सूटमध्ये सगळ्यात जास्त वेळ पाण्यावर तेच असतात. शिवाय शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत वेगवान बोटी मागून येऊन त्यांना गाठतात, म्हणजे मार्कवर (ज्या बोयाला वळसा घालायचा तो) सगळ्यात जास्त गर्दी नेमकी तेव्हा होते जेव्हा बोटं बधिर झालेली असतात आणि दोर नुसता धरून ठेवणंही जड जातं. आमचा झोत 38 व्या मिनिटाला आला, गर्दी सुरू होण्याच्या अगदी तोंडावर.

झोताची चाहूल लागली होती का? हो. 35 व्या मिनिटाच्या सुमाराला वरच्या, म्हणजे वारा येतो त्या बाजूच्या किनाऱ्यालगत पाणी काळं पडलेलं मला दिसलं होतं आणि ढगांची कडा सरळ रेघ मारल्यासारखी होती. मी ते बघितलं आणि पुढच्या दोन बोटींची चुरस बघायला परत वळलो. 11 नॉटचा वारा मिनिटभरात 24 ला गेला. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वारा दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो, आणि 11 वरून 24 म्हणजे जवळजवळ पावणेपाच पट. त्यात थंड हवा जड असते, 30 अंशांच्या हवेपेक्षा 4 अंशांची हवा साधारण 9 टक्के घन, त्यामुळे वारा मोजणाऱ्या ॲनिमोमीटरवर तोच आकडा दिसला तरी हिवाळ्यात शिडाला धक्का जास्त बसतो. उन्हाळ्यात जो झोत आपण हसत हसत बाहेर लटकून काढतो तोच हिवाळ्यात, अंगावर तीन थर कपडे आणि हातात जाड ग्लोव्ह्ज असताना, काढता येत नाही.

पाच बोटी एकदम उलटल्या. तिघांनी मिनिट-दीड मिनिटात स्वतःच्या स्वतः उभ्या केल्या, त्यांचं काही सांगायला नको. राहिल्या दोन.

पहिली, बाप-लेकीची दोघांची बोट, वरच्या मार्कपाशी. मुलगी 13 वर्षांची, क्रू म्हणजे जोडीदार, ड्रायसूटमध्ये (पाणी आत येऊ न देणारा सूट). वडील हेल्मवर म्हणजे सुकाणूवर, वेटसूटमध्ये (आत पाणी शिरतं पण ऊब धरणारा घट्ट सूट). बोट आडवी झाली आणि बघता बघता पूर्ण पालथी, ज्याला आपण टर्टल म्हणतो. मास्टच्या, म्हणजे डोलकाठीच्या, टोकाला फ्लोट (बोट पालथी होऊ न देणारा तरंगता फुगा) नव्हता. तिथं पाणी चार मीटर खोल आणि अशा बोटींचा मास्ट सहा मीटरच्या वर, त्यामुळे टोक सरळ तळाच्या चिखलात रुतलं. हे उथळ तलावावरचं नेहमीचं दुखणं आहे आणि आमच्या क्लबात त्या मार्कपाशी याआधीही झालेलं होतं. तरीही मार्क तिथंच टाकला जायचा, कारण बीट (वाऱ्याच्या विरुद्ध जायचा टप्पा) लांब मिळते.

दुसरी, एकट्याची बोट, तलावाच्या मधोमध. हेल्म, म्हणजे बोट चालवणारा, पन्नाशीचा, अनुभवी, ड्रायसूट घातलेला. त्याने बोट दोनदा उभी केली, दोन्ही वेळा ती त्याच्यावरून परत उलटली, आणि तिसऱ्यांदा त्याला सेंटरबोर्डवर (बोटीच्या तळातून खाली निघणारी फळी) चढताच येईना. आम्हाला लांबून वाटत होतं की दमलाय बिचारा. खरं कारण नंतर कळलं, त्याच्या ड्रायसूटची पुढची लघवीची चेन तीन-चार सेंटीमीटर उघडी राहिली होती. ड्रायसूट उघडा असला की त्याचा उपयोग जवळजवळ संपतो, आतला थर भिजतो, आणि सूटचे पाय पाण्याने भरतात, मग पाण्यातून वर यायचं म्हटलं की ते सगळं पाणी सोबत उचलावं लागतं. पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने ओढून घेतं, त्यामुळे आपण व्यवस्थित कपड्यांत आहोत असं समजणारा माणूस प्रत्यक्षात स्वेटर घालून पाण्यात उतरलेल्या माणसाइतकाच उघडा होता.

इथं थंड पाण्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बऱ्याच जणांच्या डोक्यात धोका म्हणजे हायपोथर्मिया, शरीराचं तापमान घसरणं, एवढंच असतं. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीझब्रेख्ट यांनी एक सोपं सूत्र लोकप्रिय केलं, एक-दहा-एक. पहिलं एक मिनिट श्वासाचं, थंड पाण्यात पडल्या पडल्या जी धाप लागते ती आवरायला लागणारं, आणि ती धाप तोंड पाण्याखाली असताना लागली तर माणूस तिथंच बुडू शकतो. नंतरची दहा मिनिटं हाता-पायांची, तेवढ्या वेळात जे काही कामाचं करायचं ते करून घ्यायचं, त्यानंतर बोटं मिटत नाहीत, बकल लागत नाही, बोटीवर चढता येत नाही. आणि शेवटचा एक म्हणजे साधारण एक तास, थंडीने शुद्ध हरपायला लागणारा. आकडे माणसागणिक, कपड्यांगणिक बदलतात, पण क्रम तोच. डिंगीवाल्यासाठी खरी मर्यादा तासाची नाही, दहा मिनिटांची आहे. कारण डिंगी उभी करणं हे हातांचं काम आहे, आणि हात गेले की माणूस शुद्धीत असूनही स्वतःला वाचवू शकत नाही.

परत घड्याळाकडे. 39 व्या मिनिटाला सेफ्टी एक बाप-लेकीकडे निघाली. 41 पर्यंत मुलगी सेफ्टी बोटीत होती, गारठलेली पण बोलत होती. तिने सेफ्टीवाल्या काकांना पहिलं वाक्य ऐकवलं ते "बाबाला पण घ्या ना आत." बाबा म्हणाला, "मी बरा आहे, आधी बोट उभी करू." आणि सेफ्टी बोटीने बोटीला दोर बांधून मास्ट चिखलातून ओढायला सुरुवात केली. रेडिओवर मला आलं, "दोघंही ठीक आहेत, फक्त मास्ट अडकलाय."

42 व्या मिनिटाला सेफ्टी दोन एकट्या हेल्मपाशी पोहोचली, 44 ला त्याला आत ओढून घेतलं. दोघांना मिळून तो उचलला जात नव्हता, पाय पाण्याने भरलेले, शेवटी त्यांनी त्याला बोटीच्या कडेला आडवं करून गुंडाळत आत घेतला, जे तसंही बरोबरच आहे, गारठलेल्या माणसाला शक्य तितकं आडवंच उचलावं कारण उभं खेचलं तर रक्तदाब एकदम पडू शकतो. रेडिओवर आलं, "माणूस बोटीत आहे, सगळं ठीक आहे." आणि ते त्याला घेऊन किनाऱ्याकडे निघाले. बोट तशीच सोडली, वर लाल पट्टी बांधून, म्हणजे बाकीच्यांना कळावं की हिच्यातला माणूस सुखरूप आहे.

या क्षणी माझ्या डोक्यातलं चित्र असं होतं: दोन घटना, दोन्हीकडे ठीक आहे, सोळा मिनिटं राहिलीत, चालू दे. खरं चित्र असं होतं: दोन सेफ्टी बोटी, दोन्ही गुंतलेल्या, आणि तलावावर बाकी 17 बोटी, त्यांच्यासाठी कुणीच नाही. "ठीक आहे" हा शब्द ते माणसाबद्दल वापरत होते आणि मी तो सेफ्टी बोटीबद्दल ऐकत होतो. दोघांपैकी खोटं कुणीच बोलत नव्हतं. मला वाटतं या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त धोका त्या एका शब्दाने निर्माण केला, वाऱ्यापेक्षाही जास्त.

सेफ्टी बोटीचा वेळ कसा जातो ते आम्ही नंतर बसून मोजलं. माणसापर्यंत पोहोचायला दोन-तीन मिनिटं, आत घ्यायला दोन, किनाऱ्याला चार, तिथं कुणाच्या तरी हवाली करायला तीन, परत यायला चार. म्हणजे एका माणसाला किनाऱ्यावर सोडून येईपर्यंत पंधरा-सोळा मिनिटं ती बोट तुमच्या हिशोबात नाही. आणि पाण्यातल्या माणसाच्या हातांना दहा मिनिटं आहेत. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही. एक बोट किनाऱ्याला निघाली की ती परत येण्याआधी पडणाऱ्या माणसाला ती वाचवू शकत नाही.

46 व्या मिनिटाला तिसरी बोट उलटली, जाईब मार्कवर (जिथं वारा मागून असताना शीड एका बाजूकडून दुसरीकडे फिरवतात), दोघांची. तिथं गर्दी होती, पर्सूटची गर्दी, तीन बोटी एकदम वळत होत्या, मधल्या बोटीने जाईब टाळायला हवं होतं पण जागा नव्हती. हेल्म पाण्यात दिसत होता. क्रू दिसत नव्हती. ती मेनसेलखाली, म्हणजे मुख्य शिडाखाली, होती आणि तिच्या बॉयन्सी एडचा (तरंगतं ठेवणारं जाकीट) पट्टा मेनशीटमध्ये, त्या शिडाच्या दोरात, अडकला होता.

त्यांच्यापासून चाळीस-पन्नास मीटरवर जो होता तो रेसमध्ये दुसरा चालला होता. त्याने एकच डोकं मोजलं, टिलर (सुकाणूचा दांडा) ढकलला आणि रेस सोडून वळला. वाऱ्याच्या तोंडाला बोट उभी करून तो त्यांच्यापाशी थांबला आणि मोठमोठ्याने ओरडत राहिला, शीड वर उचल, शीड वर उचल, आणि हेल्मने कडा उचलून धरली तेव्हा आत हवा शिरली, तिला श्वास मिळाला, तिने पट्टा स्वतःच सोडवला आणि बाहेर आली. किती वेळ लागला याबद्दल तिघांचे तीन आकडे आहेत, तेव्हा मी कुठलाच लिहीत नाही. नंतर ती त्याच्या बोटीची कडा धरून राहिली.

मला हे दिसलं तेव्हा 48 वं मिनिट चालू होतं. मी सेफ्टी बोटींना शोधलं, एक किनाऱ्याला लागलेली, एक वरच्या टोकाला दोराने अडकलेली, आणि तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. 49 व्या मिनिटाला एन झेंडा, निळ्या-पांढऱ्या चौकटींचा, तीन हॉर्न, खाली ए, म्हणजे आज आता रेस नाही. रेडिओवर सेफ्टी एकला सांगितलं की बोट सोड, माणूस घे, जाईब मार्कला जा. 51 व्या मिनिटाला बाबा पाण्याबाहेर आला, म्हणजे तो 13 मिनिटं पाण्यात होता, आणि सेफ्टी बोटीत त्याला साधं बकल लावता आलं नाही. मुलीने लावून दिलं. 53 पर्यंत तिसऱ्या बोटीची दोघं आत आली.

एक गोष्ट इथं सांगायला हवी, झेंडा चढवला म्हणजे लोक किनाऱ्यावर पोहोचले असं होत नाही. वारा अजून 22-24 होता, 16 बोटी एकदम एकाच उतारावर (जिथून बोटी पाण्यात सोडतात आणि बाहेर काढतात) यायला लागल्या, आणि उताराच्या तोंडाशीच आणखी एक उलटली, सुदैवाने कमरेएवढ्या पाण्यात. त्यामुळे थांबवायचा निर्णय उशिरा घेतला की त्याची किंमत दोनदा मोजावी लागते, एकदा पाण्यात आणि एकदा परत येताना, कारण परत येणारे सगळे आधीपेक्षा दमलेले आणि गारठलेले असतात.

किनाऱ्यावर पन्नाशीच्या हेल्मला एक-दोघं जण तसंच उभं धरून गरम शॉवरकडे नेत होते, प्रेमानेच, पण आमच्या फर्स्ट एडवाल्या बाईंनी दारातच अडवलं. खूप गारठलेल्या माणसाला एकदम गरम पाण्याखाली उभं केलं की त्वचेकडच्या रक्तवाहिन्या पसरतात, रक्तदाब पडतो आणि तो कोसळू शकतो. त्यांनी त्याला आडवं केलं, ओले कपडे काढले, कोरडे थर, ब्लँकेट, डोक्याला टोपी, अंग चोळायचं नाही, आणि तो नीट बोलतोय, नीट गिळतोय हे बघून गरम गोड पेय. तो जोरात थरथरत होता आणि बाईंच्या मते ते चांगलं लक्षण होतं, थरथर म्हणजे शरीर अजून स्वतः उष्णता तयार करतंय, थरथर थांबली आणि माणूस गप्प, गोंधळलेला झाला तर घाबरायचं आणि थेट रुग्णवाहिका बोलवायची. चाळीस मिनिटांत तो बसून बोलायला लागला आणि पहिली गोष्ट त्याने चेनची सांगितली.

त्याच संध्याकाळी वाद झाला. दोन-तीन जणांचं म्हणणं होतं की 60 पैकी 49 मिनिटं झाली होती, 80 टक्क्यांहून जास्त रेस संपली होती, तर 49 व्या मिनिटाची स्थिती धरून निकाल लावा. वरकरणी ते पटतं. पण पर्सूटमध्ये ते गणिताने चुकतं. सुटण्यातलं अंतर 60 मिनिटांसाठी काढलेलं असतं, वेगवान बोटीला पूर्ण 60 मिनिटं मिळाली तरच ती हळू बोटीला बरोबरीत गाठते. वरचेच आकडे घेतले, 1300 आणि 1000, आणि दोघंही सारख्याच चांगल्या चालवल्या असं धरलं, तर 49 व्या मिनिटाला हळू बोट अजून तिच्या वेगाने सव्वातीन मिनिटं पुढे असते. म्हणजे पर्सूट अर्ध्यात तोडून न्याय्य निकाल लागतच नाही, निदान नवं गणित मांडल्याशिवाय तरी नाही. नेहमीच्या हँडिकॅप रेसमध्ये एस झेंडा लावून कोर्स छोटा करता येतो आणि निकाल तरीही खरा राहतो.

हे मी एवढं का सांगतोय? कारण 38 ते 49 मध्ये माझ्या डोक्यात हे होतं. थांबवली तर सगळ्यांची रेस वाया, एवढ्या थंडीत आलेली माणसं निकालाशिवाय घरी जाणार, अजून थोडाच वेळ राहिलाय. रेसचा प्रकारच असा निवडला होता की मधला रस्ता नव्हता, एक तर पूर्ण किंवा काहीच नाही, आणि अशा वेळी माणूस थोडं अजून बघू म्हणतो. त्या दिवशी वीस-वीस मिनिटांच्या दोन हँडिकॅप रेस लावल्या असत्या तर पहिली फ्रंटच्या आधी संपली असती आणि दुसरी सोडून द्यायला मला एक सेकंद लागला नसता.

दुसरा वाद जबाबदारीचा. रेसिंगच्या नियमांत तिसरा नियम स्पष्ट आहे, रेस करायची की नाही आणि चालू ठेवायची की नाही हा निर्णय ज्याच्या त्याच्या बोटीचा. एक जण म्हणाला की मग रेस ऑफिसरला कशाला बोल लावायचा. मला हा नियम मान्य आहे आणि तो हवाच. पण 13 वर्षांच्या क्रूने तो निर्णय घेतला होता असं मी म्हणू शकत नाही, आणि तिच्या वडिलांनी उतारावर उभं राहून काय बघितलं असेल, तर सेफ्टी बोटी पाण्यात आहेत, रेस ऑफिसर झेंडे लावतोय, बाकीचे बोटी उतरवतायत. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघून ठरवतो. मी रेस सुरू केली हाच सगळ्यांसाठी सगळ्यात मोठा इशारा होता की आज चालतंय.

आणि पहिला नियम, 1.1, धोक्यात असलेल्या माणसाला किंवा बोटीला शक्य ती सगळी मदत करायचीच. ऐच्छिक नाही. अशी मदत करताना जागा गेली तर रिड्रेस, म्हणजे निकालात भरपाई, मागता येतो. 1988 च्या ऑलिंपिकमध्ये, सोल ऑलिंपिकच्या बुसानमधल्या रेसमध्ये, कॅनडाचा लॉरेन्स लेम्यू फिन या एकट्याने चालवायच्या डिंगीच्या क्लासमध्ये दुसरा चालला असताना सिंगापूरच्या दोघा सेलर्सना वाचवायला वळला होता. त्याला त्या रेसमध्ये दुसरी जागा परत दिली गेली आणि पुढे पिअर द कुबर्तां पदकाने त्याचा गौरव झाला. आमचा माणूसही दुसराच चालला होता. आमची रेस रद्द झाली त्यामुळे रिड्रेसचा प्रश्नच आला नाही आणि त्याने विषयही काढला नाही. मी मात्र इतकं म्हणेन की त्या दिवशी तिसरी सेफ्टी बोट तोच होता, आणि ती मी नेमलेली नव्हती.

सेफ्टी एकबद्दल बोलणं अवघड आहे कारण ती दोघं माझी चांगली मित्र आहेत आणि त्यांनी मनापासून काम केलं. पण माणसं आधी, बोट नंतर, हे आपण सगळे शिकलेलो असतो, आणि तरीही हेल्म पाण्यातून "मी बरा आहे" म्हणाला की आपण बोटीच्या मागे लागतो, कारण त्यालाही बोट हवी असते आणि आपल्यालाही काहीतरी पूर्ण केल्याचं समाधान हवं असतं. पाण्यातल्या माणसाचं "मी बरा आहे" हे दहाव्या मिनिटानंतर ऐकायचं नसतं. शिवाय ती दोघं स्वतः पन्नास मिनिटं न हलता बसलेली होती, रेस करणारा निदान हालचाल करत असतो, सेफ्टी बोटीतला नुसता वारा खात असतो, आणि गारठलेलं डोकं एक काम धरलं की सोडत नाही. हे त्यांच्यावर खापर म्हणून नाही, मी त्यांना मध्ये गरम व्हायला बोलावलं नव्हतं, ती माझी बाजू.

त्यानंतर आम्ही काय बदललं ते सांगतो. रेडिओवर ठीक आहे हा शब्द बंद. सेफ्टी बोट दोनच शब्द बोलते, मोकळी किंवा गुंतलेली, आणि माणसाची तब्येत त्यानंतर वेगळी सांगते. रेस ऑफिसरच्या शेजारी एक जण फक्त डोकी मोजायला, त्याने पुढे कोण आहे बघायचं नाही. आणि शेवटची मोकळी बोट गुंतली की लगेच एन, विचारणा नाही, चर्चा नाही, रेस ऑफिसरचं मत काय हेही विचारायचं नाही. हा शेवटचा नियम मीच आग्रहाने घालून घेतला, कारण त्या अकरा मिनिटांत माझं मत काय कामाचं होतं ते मी बघितलंय. वरचा मार्क खोल पाण्यात हलवला, बीट छोटी झाली, कुणाची तक्रार नाही. मुलांच्या आणि नवशिक्यांच्या बोटींना मास्टच्या टोकाला फ्लोट लावायचाच. उतारावर जाण्याआधी शेजाऱ्याच्या ड्रायसूटच्या दोन्ही चेन हात लावून तपासायच्या, सुरुवातीला लोकांना संकोच वाटला, आता सवय झालीये. फ्रंटचा अंदाज असेल त्या दिवशी पर्सूट नाही, छोट्या रेस, किनाऱ्याजवळ.

एक प्रश्न अजून अडकलेला आहे, वेटसूटचा. पाणी ठरावीक अंशाखाली गेलं की ड्रायसूट सक्तीचा करायचा का यावर क्लब सरळ दोन भागांत फुटलाय. सक्ती केली तर ज्यांना ड्रायसूट परवडत नाही ते हिवाळ्यात येणार नाहीत, आणि ते बहुतेक नवे लोक असतात, त्यांच्याशिवाय सिरीज टिकत नाही. दुसरीकडे, जाड आणि नीट बसणाऱ्या वेटसूटमध्ये माणूस, हात बधिर झाले तरी, ठीक राहतो आणि चेन उघडी राहिलेल्या ड्रायसूटमध्ये नाही, हे आम्ही त्याच दिवशी पाहिलं. मी सध्या सक्तीच्या विरोधात आहे. माझं म्हणणं इतकंच की 8 अंशांखाली वेटसूटवाल्याला पाण्यात पाच मिनिटं झाली की सेफ्टी बोटीने त्याला न विचारता आत घ्यायचं, बोट राहू दे तिथंच. बाबाने या सूचनेला सगळ्यात आधी हात वर केला. मुलगी शेजारी बसली होती, तिला अजून मत नाही, वय बसत नाही, पण तिनेही हात वर केला होता.